नव्वद दिवसांची आई

गेल्या शनिवारी एका मित्राकडे पॉटलक होतं. म्युनिकमधली सात मराठी कुटुंबं, पंधरा-सोळा मोठी माणसं, पोरं वेगळी, आणि छोले तीन जणांनी आणलेले (हे दर वेळी होतं. एक्सेल शीट करूनही होतं). जेवणं उरकली, चहा आला आणि विषय निघाला भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचा.

मग काय, मंडळी सुटलीच. एकाचे मावसकाका चार दिवसांसाठी चार बॅगा घेऊन आले आणि त्यातल्या दोन रिकाम्या होत्या, परतीच्या खरेदीसाठी. एकीच्या आतेबहिणीला एका आठवड्यात पॅरिस, प्राग आणि टिटलिसवरचा शाहरुख-काजोलचा पुठ्ठ्याचा कटआउट असं सगळं बघायचं होतं, मधल्या एका दिवशी "थोडा आराम" पण हवा होता. कोणाच्या सासऱ्यांच्या मित्राने रविवारी सकाळी दूध संपल्यावर "चल, कोपऱ्यावरून घेऊन येऊ" म्हटलं आणि इथे रविवारी दुकानं बंद असतात हे त्यांना पटवायला अर्धा तास गेला. मीही आमचे काका-काकू सांगितले. जून २०२४ मध्ये नऊ दिवस आले होते. काकांनी नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघून "आपल्या रायगडापुढे काही नाही" असा निकाल दिला आणि मग खाली कॅफेत बसून दीड तास तो किल्ला मोबाइलवर सगळ्या नातेवाइकांना दाखवला. खूप हसलो सगळे.

शेवटी कोणीतरी हिशोब काढला, की बाळ झालं त्या पहिल्या वर्षात कोणाकडे किती दिवस पाहुणे होते. माझा नंबर आल्यावर मी म्हटलं, "नऊ."

बायको शेजारीच होती. ती म्हणाली, "एकशे एकोणनव्वद."

सगळ्यांना वाटलं गंमत करतेय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. नव्वद दिवस तिची आई, नव्वद दिवस माझी आई, नऊ दिवस काका-काकू. माझ्या हिशोबात पहिल्या दोघी पाहुण्या नव्हत्याच. मग कोण होत्या? घरी येता येता यू-बानमध्ये ती हे विचारत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. (यू-बान भुयारातून जाते. बाहेर काही दिसत नाही.)

तर मंडळी, आजचा लेख त्यावर आहे. आधीच सांगतो, यात मी स्वतःला शिव्या घातल्या आहेत आणि वाचणाऱ्यांपैकी निम्म्या बाप्यांनाही घातल्या आहेत. ज्यांना लागतील त्यांनी घ्याव्यात.

काका-काकूंसारखे पाहुणे त्रास देतात हे मला मान्य आहे. पण त्यांचा व्यवहार सरळ असतो. त्यांना युरोप बघायचा असतो, आपल्याकडे एक सोफा-कम-बेड असतो. ते बघतात, दमतात, आपल्या दुधात पाणी कमी आहे म्हणून कौतुक करतात आणि जातात. जाताना बाळाच्या हातावर नोट ठेवतात. कोणाचं कोणावर काही उरत नाही. यांच्यावर आपण तासभर बोलतो. आणि ज्या बाईला आपण तिचं घर, तिचा नवरा, तिची माणसं सोडायला लावून तीन महिने तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवतो, तिच्याबद्दल आपण पॉटलकमध्ये काय बोलतो? "आई आलीय ना, मग काय, टेन्शनच नाही!" बस्स, इतकंच.

आता माझा पराक्रम ऐका.

आम्ही २०२२ मध्ये इथे आलो. ४ सप्टेंबर २०२३ ला मुलगा झाला. त्याच्या चार महिने आधीच मी एक शीट बनवली होती. शेंगेनचा नियम असा आहे की व्हिसावर आलेल्या माणसाला कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. आणि हे १८० दिवस वर्षाच्या सुरुवातीपासून मोजत नाहीत, रोज त्या दिवसापासून मागे मोजतात. म्हणजे शुद्ध स्लायडिंग विंडो. इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर नेटवर्क्समध्ये शिकलेली एकमेव गोष्ट नोकरीबाहेर उपयोगी पडतेय म्हणून मला कोण आनंद झाला. सासूबाई २५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर, बरोबर ९० दिवस. आई २१ नोव्हेंबर ते १८ फेब्रुवारी, बरोबर ९० दिवस. आणि २१ फेब्रुवारीपासून सासूबाईंचे जुने दिवस एकेक करून खिडकीबाहेर पडायला लागतात, म्हणजे त्या पुन्हा यायला मोकळ्या! व्हिसा मिळत गेला तर हे चक्र कितीही वेळा फिरू शकतं. मी सेलला हिरवा रंग दिला होता. ऑफिसातल्या एका तमिळ मित्राला ती शीट एवढी आवडली की त्याने कॉपी मागून घेतली.

एक दिवस दोघी एकत्र राहतील असं मुद्दाम ठेवलं होतं. त्याला मी काय नाव दिलं होतं माहितेय? केटी. नॉलेज ट्रान्सफर. प्रोजेक्ट सोडणारा नव्या माणसाला काम समजावतो ना, तेच. आणि हे मी मोठ्याने, हसत, दोघींसमोर बोललो होतो. त्याही हसल्या. सासूबाईंनी माझ्या आईला खरोखरच दाखवलं, की बाळाची दुपटी कुठे, वॉशिंग मशीनचं कुठलं बटण दाबायचं, कचऱ्याच्या कुठल्या डब्यात काय टाकायचं. दुसऱ्या दिवशी त्या नाशिकला परत गेल्या. नव्वद दिवसांत त्यांनी म्युनिकमध्ये काय बघितलं? एक मारियनप्लाट्झ, तेही हॉस्पिटलच्या वाटेवर.

माझी आई सांगलीला राहते. घरी शिवणाचे क्लास घेते. दोन बॅचमध्ये मिळून चौदा मुली होत्या तेव्हा. पाच वर्षं चालवलेला क्लास तिने नोव्हेंबरात बंद केला. बाबा तेव्हा नोकरीत होते, निवृत्तीला सव्वा वर्ष बाकी होतं, त्यांनी खानावळीचा डबा लावला. मी फोनवर म्हटलं, "बाबा, चालेल ना तुम्हाला तीन महिने?" ते म्हणाले, "न चालून काय होतंय." हे वाक्य मी होकार म्हणून शीटमध्ये टाकलं.

ती आली ती जर्मन हिवाळ्यात. ज्यांनी तो बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, डिसेंबरात इथे सकाळी आठला उजाडतं आणि दुपारी साडेचारच्या आत अंधार पडतो. ती आल्याच्या बाराव्या दिवशी, २ डिसेंबर २०२३ ला, म्युनिकवर एवढा बर्फ कोसळला की विमानतळ बंद पडला, लोकल बंद पडल्या. आम्ही फोटो काढले, आईला खिडकीत उभं करून बाळासोबत. तो फोटो अजून आमच्या फॅमिली ग्रुपचा डीपी आहे. त्यानंतर रस्त्यावर घसरायची भीती म्हणून ती किती दिवस घराबाहेर पडली नाही ते मी मोजलं नाही. सांगलीत सकाळी सहाला कृष्णाकाठी फिरायला जाणारी, वाटेत चार जणींशी बोलणारी, भाजीवाल्याशी भांडणारी बाई. इथे दाराची बेल वाजली की ती आतल्या खोलीत जायची. पार्सलवाला काय बोलेल आणि आपण काय उत्तर देणार?

बायकोची रजा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपली. तिच्या नोकरीला वर्षही झालं नव्हतं तेव्हा बाळाची चाहूल लागली होती, त्यामुळे तिला लवकर रुजू व्हायचं होतं. सोमवार ८ जानेवारी २०२४. त्या दिवसापासून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, चार महिन्यांचं बाळ आणि आई.

दोनच दिवसांनी, बुधवारी, इथल्या रेल्वेचालकांचा संप सुरू झाला. गाड्या जवळपास बंद. म्हणून मी घरून काम करत होतो. अकराच्या सुमारास पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर आई सिंकपाशी उभी होती, एका हातात बाळ, दुसऱ्या हाताने गालावर काहीतरी दाबलेलं. मला बघून हात खाली घेतला. लवंगेचा वास आला. गाल सुजला होता. आदल्या दिवशी माझ्या समोर बसून जेवली होती ती आणि मला तो गाल दिसला नव्हता.

"किती दिवस झाले?"

"दोन."

बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "एकतीस तारखेपासून चाललंय. मला सांगू नका म्हणाली होती." म्हणजे अकरा दिवस. अकरा दिवस ती चहात ब्रेड बुडवून खात होती आणि आम्हाला वाटत होतं तिला इथला ब्रेड आवडायला लागला.

का सांगितलं नाहीस, तर दोन कारणं. पहिलं तिने जरा आढेवेढे घेत सांगितलं. व्हिसाच्या वेळी मी इथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन एक हमीपत्र केलं होतं. त्याला जर्मनमध्ये लांबलचक नाव आहे, फी २९ युरो. त्यात पाहुण्याला बोलावणारा लिहून देतो की यांच्या राहण्याचा, खाण्याचा, आजारपणाचाही खर्च मी करीन, सरकारवर पडू देणार नाही. ते पत्र मी सांगलीला पाठवलं होतं आणि "आई, तुझ्यासाठी सही करून मोकळा झालोय बघ" असं काहीतरी बोललो होतो. तिने ते पत्र पर्समध्ये घडी घालून ठेवलं होतं. "तू लिहून दिलंयस ना सगळा खर्च तुझ्यावर म्हणून. इथं दाताला किती घेतात कुणाला ठाऊक." ३० हजार युरोचं संरक्षण असलेला प्रवासी विमा शेंगेन व्हिसाला सक्तीचाच असतो, तिचाही काढला होता, आणि त्यात दाताच्या तातडीच्या दुखण्याला पैसे मिळत होते. ते मी तिला समजावून सांगितलंच नव्हतं. पॉलिसीची पीडीएफ माझ्या मेलमध्ये होती, "आई व्हिसा फायनल फायनल" नावाच्या फोल्डरात.

दुसरं कारण तिने असं सांगितलं, जसं काही सगळ्यांना माहीतच आहे. "अरे, तिचा पहिलाच आठवडा ऑफिसचा. मी दवाखान्यात जाऊन बसले तर ह्याला कोण बघणार?"

आणि हो, त्या अकरा दिवसांत संक्रांतीची तयारी चालू होती. आमच्या ग्रुपमध्ये मीच लिहून टाकलं होतं, "गुळपोळ्या आमच्याकडून, आई आलीय!" चाळीस. सुजलेल्या गालाने ती तीळ भाजत होती.

दाढेच्या मुळाशी पू झाला होता. डॉक्टरांनी विचारलं किती दिवसांपासून दुखतंय. मी दुभाष्या. आई मला मराठीत म्हणाली, "दोनच दिवस सांग."

असो. इथपर्यंत माझी गोष्ट झाली. आता भांडण.

हे सगळं ऐकून लोक म्हणतात, अरे, पण पहिलं बाळंतपण आईनेच करायचं असतं, आपली पद्धतच आहे. बरं. पद्धत काय आहे ते एकदा नीट आठवू. मुलगी माहेरी जाते. तिथे आई असते, पण एकटी नसते. तेल लावायला, बाळाला न्हाऊ घालायला बाई येते. भांड्याला दुसरी येते. शेजारची काकू डिंकाचे लाडू वळायला बसते, मावशी चार दिवस राहून जाते, आजोबा बाळाला घेऊन ओट्यावर बसतात. आई घरची मुकादम असते. तिला दुपारी झोप मिळते, देवळात जाता येतं, आणि मुलीवर वैतागली तर शेजारी जाऊन कागाळी करता येते. आपण काय केलं? त्या अख्ख्या आळीपैकी एक बाई उचलली, विमानात बसवली आणि सगळ्या आळीचं काम तिला दिलं. वर त्याला संस्कृती म्हटलं. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात ओव्याची धुरी द्यायचा प्रयत्न केला तर छतावरचा स्मोक अलार्म बोंबलला. इथे घराघरांत तो सक्तीचा आहे. संस्कृतीचा तेवढा भाग आम्ही लगेच सोडून दिला. सोयीचा होता तो ठेवला.

गंमत म्हणजे बाळंतिणीला जपायची पद्धत जर्मनांकडेही आहे. बाळंतपणानंतरच्या दिवसांना ते वोखनबेट म्हणतात, आपल्या सव्वा महिन्याच्या जवळपास जाणारं. हेबामं म्हणून प्रशिक्षित सुईण घरी येते. पहिले दहा दिवस अगदी रोजसुद्धा येऊ शकते, नंतर बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत गरजेप्रमाणे. सार्वजनिक आरोग्य विमा असेल तर खर्च विमाच करतो. म्युनिकमध्ये ती मिळवायला फार आधीपासून फोन करत बसावं लागतं, हे खरं. आम्हाला मिळाली होती. ती बायकोला पहिल्याच दिवशी म्हणाली, तुझा नवरा कुठे आहे, त्यालाही दाखवते अंघोळ कशी घालायची. मी कॉलवर होतो.

आणि आता बाप्यांनो, मुद्द्याचं. जर्मनीत नोकरी करणाऱ्या बापाला बाळासाठी रजा घ्यायचा कायद्याने हक्क आहे. आईला आहे तसाच. एल्टर्नत्साइट. दोघांना प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत. ब्लू कार्डवाल्याला पण. नोकरी जात नाही, या काळात कामावरून काढण्यापासून संरक्षण असतं. वर सरकार एल्टर्नगेल्ड देतं, निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो. दोघांत मिळून चौदा महिने, आणि त्यातली मेख अशी की एकट्यानेच घेतलं तर बाराच. दुसऱ्यानेही निदान दोन महिने घेतले तर ते जास्तीचे दोन मिळतात. नाही घेतले तर बुडाले. म्हणजे सरकारने बापाच्या हातात दोन महिने पैशांसकट ठेवलेत, घे बाबा, तुझंच पोर आहे.

मी त्यातले शून्य दिवस घ्यायचं ठरवलं होतं. का? प्रोजेक्ट महत्त्वाच्या टप्प्यावर होतं. (ते अजूनही महत्त्वाच्याच टप्प्यावर आहे.) १८०० युरोत महिना भागवायला जड जाईल असं वाटलं. आणि खरं कारण सांगू? गरजच पडली नाही. शीट हिरवी होती ना. माझ्या दोन महिन्यांच्या जागी मी सासूबाईंचे तीन आणि आईचे तीन लावले होते. त्यांचा पगार कापला जात नव्हता, कारण नव्हताच. आईच्या क्लासची फी येत होती ती बंद झाली, पण ती कमाई माझ्या कुठल्या शीटमध्ये नव्हती.

माझे जे मित्र अमेरिकेत आहेत त्यांना मी थोडी सूट देतो. तिथे देशभर लागू असा पगारी रजेचा कायदाच नाही. १९९३ चा जो कायदा आहे तो बारा आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, तीही सगळ्यांना लागू नाही. त्यात टुरिस्ट व्हिसावर आलेल्यांना साधारण सहा महिने राहता येतं, म्हणून तिकडे सहा-सहा महिन्यांच्या आया असतात. कॅनडात तर सुपर व्हिसा आहे, आई-वडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. पाच वर्षं! तिथल्या एका मित्राने मला फार आनंदाने हे कळवलं होतं. पण आपल्याला इथे ती सबब नाही. इथे कायदा, पैसे, रजा सगळं समोर वाढून ठेवलंय आणि आपण आईला हाक मारतो.

"अरे, पण तिला हौस असते नातवंडाची!" असते. कोण नाही म्हणतंय? नातू बघायला ती पायी आली असती. पण ती हौस तीन आठवड्यांची असते, फार तर चार. उरलेले दोन महिने आपली गरज असते आणि ते आपण तिच्या हौसेच्या खात्यावर टाकतो. तिला विचारताना आपण असं विचारतो का, की आई, तुझा क्लास बंद पडेल, बाबांना खानावळीचं खावं लागेल, कोणाशी मराठी बोलायला मिळणार नाही, दिवसाचे दहा तास एकटीने बाळ सांभाळायचंय, येतेस? आपण व्हिडिओ कॉलवर बाळ समोर धरतो आणि म्हणतो, "आजी कधी येणाल?" या प्रश्नाला नाही म्हणणारी आजी अजून जन्माला यायची आहे.

आणखी एक जण मला म्हणाला, की मग काय पोराला परक्यांकडे टाकायचं? इथे १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. म्युनिकमध्ये ती जागा मिळवताना नाकीनऊ येतात, ते सोडा. पण पहिल्या वर्षाचं काय, तर पहिल्या वर्षासाठीच ते चौदा महिने आहेत. मधे जी भेग पडते ती बापाने न घेतलेल्या रजेएवढीच असते, जवळजवळ दिवसागणिक. मी मोजून बघितलंय. मोजायची मला सवय आहे.

दाताच्या त्या बुधवारी रात्री बायकोने फार आरडाओरडा केला नाही. तिने फक्त २१ फेब्रुवारीपासून पुढचे हिरवे सेल सिलेक्ट केले आणि डिलीट दाबलं. शुक्रवारी, १२ जानेवारीला, मी साहेबाच्या हातात सही केलेला कागद दिला. रजा सुरू होण्याच्या सात आठवडे आधी द्यावा लागतो, आणि तेव्हा ईमेल चालत नसे, कागदच लागायचा. (१ मे २०२५ पासून जन्मलेल्या बाळांसाठी ईमेल चालतो. म्हणजे आता तर बिछान्यातून उठायचीही गरज नाही.) ४ मार्च ते ३ मे, दोन महिने. आई गेल्यापासून तोपर्यंतचे दोन आठवडे माझ्या नेहमीच्या सुट्टीतले. मला वाटलं होतं साहेब कपाळाला आठ्या घालील. तो कागद वाचून म्हणाला, "फक्त दोनच?"

ते दोन महिने कसे गेले त्यावर स्वतंत्र लेख होईल. एवढंच सांगतो, की तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता बाळ रडत होतं, कपडे मशीनमध्ये आंबत होते, बाहेर पाऊस होता, आणि दिवसभरात मी एकाही मोठ्या माणसाशी बोललो नव्हतो. भाषा येत होती, पैसे होते, खिशात लोकलचा पास होता, तरी ही अवस्था. आईला फोन लावला. ती क्लासवर होती. चौदातल्या नऊच मुली परत आल्या होत्या, बाकीच्यांनी तोवर दुसरीकडे नाव घातलं होतं. ती म्हणाली, "नंतर करते रे, कटिंग चालू आहे." पोरगा झाल्यापासून पहिल्यांदा तिने माझा फोन ठेवला.

२०२५ च्या मे महिन्यात आई-बाबा दोघं आले. बाबा तोवर निवृत्त झाले होते. चोवीस दिवस. त्यातले पंधरा दिवस मी सुट्टी घेतली होती. ह्या खेपेला सगळं बरोबर करायचं असं ठरवून बसलो होतो. आईला कशाला हात लावू द्यायचा नाही, फक्त फिरवायचं. पहिले तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "काही करू देत नाहीस, रागावलायस का माझ्यावर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग एक दिवसाआड भाकरी ती करणार असा तह झाला. ती पीठ सांगलीहून घेऊनच आली होती, म्हणजे तिने आधीच ओळखलं होतं. संध्याकाळी इझारच्या काठी जायचो, तिथे ती दगडावर बसून पाण्यात पाय सोडायची आणि बाबा तिला कृष्णेचं पाणी कसं जास्त गोड आहे ते सांगायचे. नातू दोघांच्या मधे. त्याला दूध कोण पाजणार, झोपवणार कोण, हा प्रश्न त्या चोवीस दिवसांत कोणी आजीला विचारला नाही. ती स्वतः होऊन करायची तेव्हा करायची, कंटाळली की "घे रे तुझं पोर" म्हणून माझ्याकडे द्यायची.

पॉटलकला ज्याच्याकडे आलो होतो त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. काल रात्री त्याचा मेसेज आला: "ती नव्वद दिवसांची शीट आहे ना तुझ्याकडे? आईची अपॉइंटमेंट घ्यायचीय, सासूबाईंचीही." मी शीट पाठवली नाही. रजेच्या अर्जाचा मसुदा पाठवला, जर्मनमधला, फक्त नाव आणि तारीख बदलायची. सोबत लिहिलं, सात आठवडे आधी द्यावा लागतो, उशीर करू नकोस.

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.